अठरा नंबरचे घर आणि मॅरियनची रोजनिशी

लंडनच्या केन्सिंग्टन भागात स्टॅफर्ड टेरेस नावाचा रस्ता आहे. तिथली घरे एकाला एक लागून, सारख्याच चेहऱ्याची आणि उंच. अठरा नंबरचे घरही बाहेरून तसेच. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खाऊनपिऊन सुखी घर आतून कसे असायचे, ते जसेच्या तसे इथे पाहायला मिळते. मुलाकडे गेले होते तेव्हा मी मुद्दाम वेळ काढून ते पाहिले.

‘पंच’ या साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिनली सॅम्बोर्न आणि त्यांची पत्नी मॅरियन यांचे हे घर. 1874 मध्ये लग्न झाले आणि 1875 मध्ये ते इथे राहायला आले.

घर अरुंद, म्हणून सगळा संसार उभा रचलेला. तळघरात स्वयंपाकघर, त्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, वर झोपण्याच्या खोल्या आणि अगदी वर मुले व नोकरमाणसे. म्हणजे जेवणाचे प्रत्येक भांडे जिन्याने वर यायचे आणि खरकटे होऊन जिन्यानेच खाली जायचे. मोलकरणींच्या गुडघ्यांचा विचार त्या नकाशात कुणी केलेला दिसत नाही!

दिवाणखान्यात बोट ठेवायला जागा नाही. चिनी मातीची भांडी, घड्याळे, खुर्च्या आणि भिंतभर चित्रे. खिडक्यांना लिनलींनी स्वतः आखलेल्या रंगीत काचा. भिंतींना आधी विल्यम मॉरिसचे कागद होते. पुढे चामड्यासारखा दिसणारा महागडा जपानी कागद आणला, पण तो दिसेल तेवढ्याच भागावर लावला. चित्रांमागे जुनाच कागद ठेवला. ही काटकसर वाचून मला हे घर एकदम ओळखीचे वाटले. न्हाणीघरातल्या संगमरवरी टबात तर लिनली आपले फोटो धूत असत.

1877 मध्ये त्यांनी घरातल्या वस्तूंची खोलीवार यादी करून घेतली होती. बी.कॉम.ला आम्ही स्टॉकची यादी शिकलो ती दुकानाची, घराची अशी यादी मी प्रथमच ऐकली. आणि 1881 पासून मॅरियनने रोजनिशी लिहिली. जेवायला कोण आले, काय खरेदी झाली, स्वयंपाकीण कशी वागली, मुलांची तब्येत, असे सगळे साधेच. आज इतिहासकार त्या काळचे घर समजून घ्यायला याच नोंदी वाचतात.

लिनली 1910 मध्ये गेले, मॅरियन 1914 मध्ये. अविवाहित मुलगा रॉय 1946 पर्यंत तिथेच राहिला आणि त्याने फारसे काही हलवले नाही. पुढे घर मुलगी मॉडकडे आणि मग नात अ‍ॅनकडे आले. तेव्हा व्हिक्टोरियन घरे म्हणजे जुनाट अडगळ, असे म्हणून सर्रास पाडली जात होती. अ‍ॅनने याच घरात जाणकारांना बोलावले आणि 1958 मध्ये अशा वास्तू वाचवणारी व्हिक्टोरियन सोसायटी सुरू झाली. 1980 मध्ये घर सार्वजनिक मालकीचे झाले आणि लोकांसाठी उघडले.

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे हे घर टिकले ते मुलीने आणि नातीने राखले म्हणून, आणि बोलके झाले ते गृहिणीच्या रोजनिशीमुळे. माझ्या सासूबाई रोजचा हिशेब लिहीत: दूध, तूप, बाईंची उचल, पारण्याला किती पाने उठली. आमची बिल्डिंग आता पुनर्विकासाला जाते आहे. माळा रिकामा करताना घरातले सगळे म्हणाले, वह्या रद्दीत द्या. मी दिल्या नाहीत. प्रत्येकीवर साल आणि त्यांचे पूर्ण नाव लिहिले, खोक्यात घातल्या आणि खोके नातीच्या नावावर केले. तुमच्याही माळ्यावर अशा वह्या असतील. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा.