तेवीस पोटांची चूल

पहाटे चारला आमच्या लालबागच्या खोलीत स्टोव्ह पेटायचा. पितळी टाकीचा, पंपाचा. आई त्याला पिन मारायची, काकडा पेटवून बर्नर तापवायची, पंप द्यायची, आणि मग जो भर्र आवाज सुरू व्हायचा तो पहिल्या पाळीचा भोंगा होईपर्यंत थांबत नसे. बाजूला भुश्याची शेगडी. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचं, मधोमध बाटली उभी धरायची, भोवती वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा ठेचून भरायचा आणि बाटली अलगद वर ओढून घ्यायची. ते माझं रात्रीचं काम. बाटली ओढताना भुसा ढासळला की सगळं पुन्हा. नीट भरलेली शेगडी एक लाकूड सारून पेटवली की डाळ आणि भात होईपर्यंत धगधगत राही.

आमची खानावळ होती. वीस जेवणारे, सगळे गिरणीतले. आईला सगळे मावशी म्हणत.

गिरणगावच्या खानावळींची आठवण निघाली की लोक कालवणाच्या चवीबद्दल बोलतात, रविवारच्या मटणाबद्दल बोलतात. मला बोलायचं आहे ते त्यामागच्या आगीबद्दल. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून माणसं गिरणीत आली ती बहुतेक एकटी. बायकामुलं गावी. एका गावचे लोक मिळून गावकीची खोली घेत, भाडं वाटून घेत, आणि एकाची पाळी सुटली की दुसऱ्याने सोडलेल्या जागेवर तो वळकटी पसरी. प्रत्येकाची भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक पत्र्याची पेटी. अशा खोलीत प्रत्येकाने आपापली चूल कुठे मांडायची? आणि मांडली असती तरी एका माणसाच्या भाकरीसाठी स्टोव्ह तापवायला जेवढं रॉकेल जातं, तेवढ्यात थोडी भर घातली की पाच जणांच्या भाकऱ्या होतात. एकट्याची चूल नेहमी महाग पडते. खानावळ हे त्या महागाईला गिरणगावाने शोधलेलं उत्तर होतं.

आमच्या घराजवळच गॅस कंपनी लेन. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले; कोळशापासून गॅस करणाऱ्या त्या जुन्या कंपनीवरून गल्लीला हे नाव पडलं. १९५५ पासून शहरात सिलिंडरचा गॅसही मिळू लागला. आमच्या चाळीत मात्र माझ्या लहानपणी कोळसा, भुसा आणि रॉकेल एवढंच होतं. त्यातलं रॉकेल रेशनकार्डावर, मोजून.

आईची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही होती. ती चौथी शिकलेली. जेवणाचा महिन्याचा दर ठरलेला, खाडे वजा. पण रॉकेलचा रकाना तिने वेगळा आखला होता, कारण त्याचा भरवसा नसे. रेशनवर पुरेसं मिळालं तर खर्च कमी, बाहेरून चढ्या भावाने घ्यावं लागलं तर जास्त. महिनाअखेर ती तो खर्च माणशी वाटायची. भागायची मात्र तेविसाने. मी एकदा म्हटलं, ‘आई, जेवणारे वीस आहेत.’ ती म्हणाली, ‘आणि आपण तिघं? आपली भाकरी काय उन्हावर भाजते?’ वहीच्या पहिल्या तीन ओळींत तिचं, वडिलांचं आणि माझं नाव होतं. ती जेवू घालणारी होती, पण यादीतलीही होती.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्य, तेल, साखर सगळंच कडाडलं. त्याच वर्षी मुंबईत बायकांनी महागाईविरोधी संयुक्त समिती उभी केली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, वेगवेगळ्या पक्षांच्या बाया, एका प्रश्नासाठी एकत्र आल्या. लाटणं हातात घेऊन मोर्चे निघाले, ठरल्या वेळी गल्लोगल्ली थाळ्या वाजल्या. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्या भावाचं गणित आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला दिसत होती ती रॉकेलची रांग. माणसांच्या आधी डबे उभे असत, डबा नसेल तर विटेवर खडूने नाव. शाळेत जायच्या आधी मी आमचा डबा पुढे सरकवून यायची. एका दुपारी चाळीतल्या बायकांबरोबर आईही मोर्चाला गेली. संध्याकाळी त्याच लाटण्याने तिने चपात्या लाटल्या.

त्याच हिवाळ्यात, १९७३-७४ मध्ये, गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार नाही, म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. पण गिरणगावातल्या बायांनी चुली विझवल्या नाहीत. आईने पाटल्या गहाण टाकल्या. वाण्याकडे उधारी वाढली, आणि उधारीच्या डाळीचा भाव रोखीच्या डाळीपेक्षा नेहमीच चढा. संप मिटल्यावर जेवणाऱ्यांनी थोडं थोडं करून फेडलं. पाटल्यांवरचं व्याज मात्र आईच्या एकटीच्या अंगावर राहिलं.

हे गोव्यातून आलेल्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी नेमकं हेरलं. कामगारांमध्ये काम करताना त्यांच्या लक्षात आलं की संपाला जेवू घालणाऱ्या या बाया स्वतः सावकाराच्या ओझ्याखाली आहेत आणि त्यांना कामगार म्हणून कुणी मोजतच नाही. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. पहिल्या चौदा जणींना बँकेचं कर्ज मिळालं. तारण म्हणून दागिने नव्हते, एकमेकींचा शब्द होता. पुढे आईही मंडळात गेली. तिच्या पहिल्या कर्जातून दुसरा स्टोव्ह आला, मोठं पातेलं आलं आणि तांदळाचं पोतं रोखीने आलं. सही करायला ती बँकेत गेली त्या दिवशी तिने लग्नातलं लुगडं नेसलं होतं.

मागे वळून पाहिलं की या सगळ्यांत मला एकच सूत्र दिसतं. १९४८ मध्ये नायगावात कामगारांनी सुरू केलेला अपना बाजार घ्या, किंवा १९७५ मधली मुंबई ग्राहक पंचायत, जिथे शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घेतात. कुणी कुणाला दान दिलं नाही. माणसांनी आपला खर्च एकत्र केला, त्याचा हिशेब उघडा ठेवला, आणि जो अडला त्याला त्या हिशेबातूनच हात मिळाला. म्हणून त्याची मान खाली गेली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा हा हिशेबही पुरा पडला नाही. आईने जमेल तितके महिने रांधलं. एकेक जण पेटी उचलून गावी गेला. वहीत रकमांच्या जागा कोऱ्या राहिल्या, पण नावं तिने खोडली नाहीत.

आता आमच्या चाळीच्या जागी बावीस मजली इमारत आहे. गॅस नळीने येतो, कळ फिरवली की निळी ज्योत. प्रत्येकाचा मीटर वेगळा, दार बंद. गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावरच्या घरातला कर्ता माणूस आजारी पडला. बिलं थकली, आणि शेजारी राहून आम्हाला ते कळलं वीज तोडायला माणूस आला तेव्हा. त्या रात्री मला झोप लागली नाही. जिथे विटेवर नाव लिहून दुसऱ्याची जागा राखली जायची, तिथेच हे घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जणी माझ्या स्वयंपाकघरात बसलो. दर महिन्याला प्रत्येकीने दोनशे रुपये टाकायचे, बिलासाठी लागतील तिने घ्यायचे, कारण विचारायचं नाही, जमेल तसे परत करायचे. मी लाल पुठ्ठ्याची वही आणली होती. रकाने आखले. त्या घरातली बाई कोपऱ्यात पदर आवळून बसली होती. पैसे घेणाऱ्यांच्या रकान्यात पहिलं नाव कुणाचं, यावर सगळ्या गप्प झाल्या.

मी माझं नाव लिहिलं, विजेच्या बिलाचे सहाशे रुपये घेतले आणि वही तिच्याकडे सरकवली.