ॲल्युमिनियमची संमिश्रे पाण्यात का झिजतात?

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात दोन महत्त्वाच्या धातूंच्या खाणी आहेत. भरवेली, उकवा आणि तिरोडी येथे मँगनीज निघते. या खाणी चालविणाऱ्या ‘मॉईल’ कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे. त्याच जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आहे. मँगनीजचा बहुतांश वापर पोलादासाठी होतो. तथापि ॲल्युमिनियममध्ये मिसळल्यावर हे दोन धातू अगदी विरुद्ध वागतात. पाण्याशी संबंध आला की मँगनीज ॲल्युमिनियमला तगवते, तर तांबे त्याला पोखरते. संमिश्र ॲल्युमिनियमचे क्षरण समजून घेण्यासाठी हा भेद उपयोगी पडतो.

हवेच्या संपर्कात येताच ॲल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. पाण्याचा सामू साधारण ४ ते ८.५ या दरम्यान असेपर्यंत हा थर टिकतो व आतील धातूचे रक्षण करतो. समुद्राच्या पाण्यात मात्र दर लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. ते थरातील दुबळ्या जागी शिरते आणि तेथे सूक्ष्म खळगे पडू लागतात. लोखंडाप्रमाणे सर्वत्र तांबडा गंज दिसत नाही. वरून धड वाटणारा पत्रा एखाद्या ठिकाणी आरपार छिद्रित झालेला असतो.

या दुबळ्या जागा बहुधा धातूतील परक्या कणांपाशी असतात. बाजारातील ॲल्युमिनियममध्ये थोडे लोह असतेच. लोहयुक्त कण आणि भोवतालचे ॲल्युमिनियम मिळून पाण्यात एक सूक्ष्म विद्युत घट बनतो व त्यात ॲल्युमिनियम झिजते. मँगनीज या लोहाला आपल्या संयुगात सामावून घेते. त्या संयुगाचा विद्युत विभव ॲल्युमिनियमच्या जवळपास असल्याने घट मंदावतो. म्हणूनच ३००३ या मिश्रधातूत १ ते १.५ टक्के, तर नौकाबांधणीतील ५०८३ मध्ये ०.४ ते १ टक्का मँगनीज असते. याउलट विमानांसाठीच्या २०२४ मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबे असते. त्याने बळ वाढते, परंतु खाऱ्या पाण्यात ती लवकर पोखरली जाते.

संमिश्रांत परके कण मुद्दाम घातले जातात. सिलिकॉन कार्बाइड, ॲल्युमिना, ग्रॅफाइट किंवा औष्णिक वीज केंद्रांतील राख यांच्या कणांनी ॲल्युमिनियम अधिक ताठ होते किंवा घर्षणाने कमी झिजते. भोपाळ येथे १९८१ साली सुरू झालेल्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या ‘ॲम्प्री’ने, या क्षेत्रात दीर्घकाळ संशोधन केले आहे. तिचे संस्थापक संचालक प्रदीप रोहतगी हे या विषयातील अग्रणी मानले जातात.

कण कोणता, यावर क्षरण अवलंबून असते. ॲल्युमिना विद्युतरोधक असल्याने घट निर्माण करीत नाही. ग्रॅफाइट उत्तम वाहक असल्याने समुद्राच्या पाण्यात सर्वाधिक हानी करते. सिलिकॉन कार्बाइड या दोहोंच्या मधले. मात्र कण निरुपद्रवी असला, तरी कण व धातू यांच्या सांध्यावर ऑक्साइडचा थर खंडित होतो, फट राहिल्यास पाणी साचते आणि खळग्यांना तेथूनच आरंभ होतो.

निर्मितीतील चूक आणखी महागात पडते. वितळलेले ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडसोबत अतितप्त अवस्थेत फार वेळ राहिल्यास सांध्यावर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. पाणी लागताच ते मिथेन वायू सोडून विघटित होते आणि कणाची पकड सुटते. ओतकामासाठी सिलिकॉनचे प्रमाण अधिक असलेली मिश्रधातू निवडल्यास ही अभिक्रिया दबते. ॲनोडायझिंगही साध्या ॲल्युमिनियमइतके परिणामकारक ठरत नाही, कारण कणांवर संरक्षक थर चढत नाही.

गोव्यासारख्या किनारी राज्यात, जेथे पावसाळ्यात हवाही दमट व खारट असते, या ज्ञानाला व्यावहारिक मोल आहे. ॲल्युमिनियमच्या होडीला तांब्याची वा पितळेची जोडणी थेट लावू नये. मध्ये विद्युतरोधक वॉशर असावा. शेवाळ-कालवे धरू नयेत म्हणून तळाला दिला जाणारा तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमसाठी घातक आहे. तांब्याच्या नळीतून आलेले पाणीही ॲल्युमिनियमच्या टाकीत सोडू नये, कारण त्यातील अत्यल्प तांबे धातूवर साचून खळगे पाडते.

संमिश्राचा सुटा भाग विकत घेताना त्याची ताकद विचारली जाते. खाऱ्या पाण्यात वापरायचा असल्यास त्यातील कण कोणते, मूळ मिश्रधातू कोणती आणि तिच्यात तांबे किती, हे तीन प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजेत.