कधीपासून लागू?

महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांच्या पगाराचा इतिहास समजून घ्यायचा, तर पाच शासन निर्णयांच्या तारखा समोर ठेवाव्या लागतात. १ जानेवारी १९७३ पासूनची विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी राज्याने मान्य केली ती २५ ऑक्टोबर १९७७ ला. १९८६ ची श्रेणी मान्य झाली २७ फेब्रुवारी १९८९ ला, १९९६ ची ११ डिसेंबर १९९९ ला, २००६ ची १२ ऑगस्ट २००९ ला आणि २०१६ ची ८ मार्च २०१९ ला. पाचांपैकी एकही निर्णय तीन वर्षांच्या आत झालेला नाही. पहिल्या खेपेला तर जवळजवळ पाच वर्षं गेली. या मधल्या वर्षांतच मोर्चे निघाले, बहिष्कार पडले, उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. पगार किती असावा यावर मात्र राज्यात फारशी घासाघीस झालेली दिसत नाही. भांडण कायम दोन गोष्टींवरून झालं: श्रेणी कधीपासून लागू आणि कोणाकोणाला लागू. याचा दोष कोणी संघटनांच्या हट्टाला देतो, कोणी सरकारच्या चालढकलीला. दोन्हींत तथ्य आहे. पण माझ्या मते खरं कारण आणखी खोल आहे. ज्याच्याशी बोलणी करायची, असा मालकच या व्यवस्थेने प्राध्यापकाला दिलेला नाही.

खासगी महाविद्यालयांत हा प्रश्न फार जुना आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघालं. आजीव सभासदांनी वीस वर्षं शिकवायचं आणि महिना ७५ रुपयांत भागवायचं, असा तिथला शिरस्ता होता. लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी यांच्यात जो वाद पेटला आणि ज्याचा शेवट डिसेंबर १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्याने झाला, त्याचा आपण तत्त्वांच्या अंगाने पुष्कळ विचार केला आहे. त्यात सभासदांनी संस्थेबाहेर मिळकत करावी की नाही, हा रोकडा मुद्दाही होता, हे मात्र सहसा आठवत नाही. तो वाद शक्य झाला याचं कारण तिथे शिकवणारेच संस्थेचे चालक होते. कमी पगाराचा निर्णय त्यांचा त्यांनी घेतलेला होता आणि तो मोडायचा की पाळायचा, हेही त्यांनीच आपसांत भांडून ठरवलं. पुढे महाराष्ट्रभर शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, तेव्हा त्यागाची ही भाषा सगळ्यांनी उचलली. चालकपणात शिक्षकाचा वाटा मात्र फार थोड्या ठिकाणी राहिला. शिक्षक नोकर झाला आणि त्याच्याकडून अपेक्षा आजीव सभासदाची राहिली. सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच, ही तक्रार अशा संस्थांमध्ये सर्रास ऐकू येई.

तेव्हा पगार सरकारी तिजोरीतून आणि थेट बँकेत जमा व्हावा, ही मागणी प्राध्यापकांच्या संघटनांनी लावून धरली आणि पदरात पाडून घेतली, हा त्यांच्या इतिहासातला मोठा विजय आहे. चालकांच्या मर्जीतून माणूस सुटला. पण त्या विजयाबरोबर एक गुंता आला. नेमणूक संस्था करते, श्रेणी दिल्लीत ठरते, पैसा मंत्रालयातून सुटतो आणि बिल उच्च शिक्षण सहसंचालकाच्या कार्यालयात मंजूर होतं. कोठारी आयोगाच्या काळात, १९६६ च्या सुमारास, व्याख्यात्याची श्रेणी ४०० ते ९५० रुपयांची होती. १९७३ ला ती ७०० ते १६०० झाली आणि तिची सुरुवात केंद्राच्या प्रथम वर्ग अधिकाऱ्याच्या सुरुवातीशी जुळली. तेव्हापासून प्राध्यापकाचा आकडा केंद्रीय वेतन आयोगाच्या मागोमाग चालत आला आहे. २०१६ ला सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू झालं तेही त्याच वाटेने. म्हणजे ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर राज्यातल्या संघटनेने तोंड उघडण्याआधीच ठरलेलं असतं. उरतं ते ‘कधीपासून’. त्यावरही केंद्राची सावली आहेच, कारण वाढीव खर्चाचा ८० टक्के भाग केंद्र ठरावीक मुदतीपुरता देत असे. १९८६ च्या श्रेणीसाठी ही मुदत मार्च १९९० पर्यंत होती, २००६ च्या श्रेणीसाठी मार्च २०१० पर्यंत. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी हा वाटा ५० टक्क्यांवर आला. मुदत संपली की सगळा भार राज्यावर, हे ठाऊक असलेला वित्त विभाग सही करताना हात आखडता घेणार, हे उघड आहे.

कायद्यानेही प्राध्यापकाला टेबल दिलं नाही. कारखान्यातल्या कामगाराला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेट अधिकारी दिला, न्यायाधिकरण दिलं, करार झाल्यास त्याला बंधनाचं बळ दिलं. विद्यापीठांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकाच्या प्रकरणात म्हटलं, की शिक्षण हा उद्योगच नव्हे. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका उलटवली आणि शिक्षणसंस्थाही उद्योगाच्या व्याख्येत आल्या. प्राध्यापकांना यातून वाट मिळेल असं वाटत होतं. पण १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात निकाल आला, की संस्था उद्योग असली तरी शिकवणारा माणूस त्या कायद्यातला कामगार होत नाही. एकाच इमारतीतल्या प्रयोगशाळा सहायकाला जो दरवाजा उघडा झाला, तो त्याच प्रयोगशाळेत शिकवणाऱ्याला बंदच राहिला. विद्यापीठ कायद्याखालचं न्यायाधिकरण आहे, पण ते बडतर्फी आणि पदावनती यांसाठी. वेतनश्रेणीची बोलणी तिथे होत नाहीत.

मग बोलणी झाली कुठे? पुष्कळशी विधान परिषदेत. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघ ही राज्यघटनेतली तरतूद महाराष्ट्रात संघटनांनी पुरेपूर वापरली. ‘नुटा’ या प्राध्यापक संघटनेचे प्रा. बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षं सभागृहात होते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि आश्वासन समिती ही त्यांची हत्यारं. ‘नुटा बुलेटिन’चे जुने अंक चाळले तर शासन निर्णय, सभागृहातली उत्तरं आणि न्यायालयाचे आदेश यांची शब्दशः छापलेली पानंच्या पानं दिसतात. त्यामागे कारण होतं. निर्णय मिळाला तरी पैसा हातात पडेपर्यंत आणखी एक लढाई असते: सेवापुस्तक, विकल्पाचा नमुना, जादा रक्कम गेल्यास वसूल करण्यास हरकत नसल्याचं हमीपत्र, मग वेतननिश्चिती आणि तिची पडताळणी. एखाद्या नोंदीतली तारीख चुकली, तर निवृत्तीच्या वेळी वसुली निघते. अशा कारभारात कागद जपणारा माणूस हा संघटनेचा मोठाच आधार ठरतो.

सभागृहात आणि न्यायालयात काम भागलं नाही, की परीक्षेवर बहिष्कार. महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाचा, म्हणजे एमफुक्टोचा, २०१३ चा बहिष्कार ४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १० मे रोजी संपला, ९६ दिवस. मागण्या दोनच मोठ्या. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेटविना नेमल्या गेलेल्यांची सेवा नियमित धरणं. पहिली मागणी ‘कधीपासून’ची, दुसरी ‘कोणाला’ची. विद्यार्थ्यांचं काय, हा या लढाईवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आणि तो टाळता येणार नाही. ज्या मुलामुलींच्या परीक्षा लांबल्या, निकाल रखडले, पुढच्या प्रवेशाच्या तारखा हुकण्याची वेळ आली, त्यांचा या थकबाकीशी काडीचा संबंध नव्हता. गावाकडून शहरात खोली घेऊन राहिलेल्या विद्यार्थ्याला एक महिना जास्तीचा म्हणजे भाडं आणि खाणावळ जास्तीची. मी या हत्याराचं समर्थन करत नाही. पण तेच हत्यार पुन्हा पुन्हा का निघतं, हे विचारायला हवं. कारखाना बंद पडला तर मालकाचं नुकसान होतं. वर्ग बंद पडला तर मंत्रालयात कोणाचंच होत नाही. परीक्षा ही एकच जागा अशी, की जिथलं अडलेलं काम दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. त्या बहिष्काराच्या काळातला ७१ दिवसांचा पगार सरकारने रोखला आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांनी पुन्हा काम बंद केलं, तेव्हा मागण्यांच्या यादीत तो पगार होताच.

दुसरा आक्षेप सरकारच्या बाजूचा आहे. उशीर राज्याचा नाही, दिल्लीचा, असं म्हणता येतं. केंद्राची पत्रं निघाली १७ जून १९८७, २७ जुलै १९९८, ३१ डिसेंबर २००८ आणि २ नोव्हेंबर २०१७ ला. १९९६ आणि २००६ च्या श्रेणींचा बहुतेक उशीर खरंच तिकडचा आहे. २००८ च्या पत्रानंतर तर महाराष्ट्राने साडेसात महिन्यांत निर्णय घेतला. हे मान्य करायलाच हवं. पण १९८७ च्या पत्रानंतर राज्याने वीस महिने घेतले, २०१७ च्या पत्रानंतर सोळा. शिवाय निर्णय निघण्याचे मुहूर्त पाहावेत. २००९ चा निर्णय विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी तीन आठवडे निघाला. २०१९ चा तर लोकसभेची आचारसंहिता लागण्याआधी दोनच दिवस. पैशाची अडचण ऑगस्टमध्ये किंवा मार्चमध्ये अचानक दूर झाली, असं मानणं कठीण आहे. वेळापत्रक निवडणुकीच्या हाती जातं, कारण ते बांधून घेणारा दुसरा कोणी करार अस्तित्वात नाही.

पैसा सरकारचा असेल तर बोलणी होणार तरी कशी, असंही विचारलं जातं. ब्रिटनचं उदाहरण इथे उपयोगी आहे. सत्तरच्या दशकात तिथली विद्यापीठंही मुख्यतः सरकारी अनुदानावर चालत. तेव्हा दोन समित्या होत्या: पहिल्या समितीत विद्यापीठांचे प्रतिनिधी आणि अध्यापकांची संघटना आधी एकमत करत आणि मग दोघं मिळून दुसऱ्या समितीत सरकारसमोर बसत. मालक आणि नोकर एका बाजूला, पैसेवाला दुसऱ्या बाजूला. ही रचना निर्दोष नव्हती. सरकारी वेतनधोरणामुळे त्याच दशकात विद्यापीठीय अध्यापक मागे पडले आणि त्यासाठी त्यांना मोठं आंदोलन करावं लागलं. आज तिथे १९९४ पासूनची मालकांची स्वतंत्र संघटना दरवर्षी कामगार संघटनांशी वाढीच्या टक्क्यांवर बोलते, आणि तरीही २००६ आणि २०२३ मध्ये उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार पडलेच. तेव्हा टेबल मांडलं की संप थांबतात, असा दावा कोणी करू नये. फरक एवढाच, की तिथे आकडा नाकारणारा कोण, हे नावानिशी सांगता येतं. आपल्याकडे कुलगुरू, संस्थाध्यक्ष, सहसंचालक आणि सचिव, चौघंही खरेपणाने म्हणू शकतात की निर्णय आमच्या हातात नाही.

या इतिहासाची खरी कसोटी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या बाबतीत लागते. कायम पदं रिकामी ठेवून वर्ग चालवण्यासाठी ठरावीक महिन्यांपुरती, दर तासाच्या हिशेबाने होणारी ही नेमणूक आता अनेक महाविद्यालयांत नित्याची झाली आहे. संघटनांवर आरोप होतो, की त्यांनी कायम सभासदांची थकबाकी पाहिली आणि या माणसांकडे पाठ फिरवली. २०१८ च्या आंदोलनात रिक्त पदं भरण्याची मागणी होती, म्हणून हा आरोप पुरता खरा नाही. पण बराचसा खरा आहे, आणि त्याचं मूळ ‘कधीपासून’च्या राजकारणातच आहे. पन्नास वर्षं ज्यांनी दिल्लीत ठरलेल्या श्रेणीची तारीख मिळवण्याचं तंत्र घोटवलं, त्यांच्याजवळ श्रेणीच नसलेल्या माणसासाठी मागायला काही उरलं नाही. तासिकेचा दर दिल्लीत ठरत नाही; तो राज्याच्या शासन निर्णयाने ठरतो आणि राज्यच बदलतं. म्हणजे निदान या एका बाबतीत ठरवणारा आणि देणारा एकच आहे, आणि ‘किती’ हा प्रश्न मुंबईतच सुटू शकतो.