दोन हत्तींचा कज्जा

बाजारात गिऱ्हाईक माल कशावरून ओळखते? तुम्ही म्हणाल, नावावरून. पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या आठवडी बाजारात कितीतरी वर्षे मालाची ओळख नावापेक्षा छापेवर चालली. ज्याला अक्षरओळख नाही तो दुकानदाराला 'त्या अमुक चित्राची पुडी द्या' असेच सांगायचा. म्हणूनच चित्राची नक्कल झाली की पहिला फसायचा तो हाच माणूस.

खुणेचे मोल आपल्याकडे नवे नाही. सातारा ही छत्रपतींची राजधानी. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब उठत असे. मोर्तबाखाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये, हा त्यातला हेतू. पण मुद्रा वाचायला कारकून होते. बाजारातल्या छापेला कारकून कुठला? तिथे साक्षीदार एकच, गिऱ्हाइकाची आठवण!

ही आठवण कायद्याने किती मानायची? या प्रश्नाचा एक गाजलेला निकाल १८८२ साली लंडनला, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लागला. दावा विलायतेतला, पण बाजार मात्र मुंबई-एडनचा. ऑर-युइंग या स्कॉटिश कंपनीचे लाल रंगवलेले सूत इकडे येई. त्याच्या चिठ्ठीवर दोन हत्ती होते. बाजारात त्या सुताला 'बे हाथी' असेच नाव पडले. पुढे जॉन्स्टन कंपनीच्या सुतावरही दोन हत्ती आले. तिचे म्हणणे असे, की आमचे नाव चिठ्ठीवर छापलेले आहे, चित्रातही फरक आहे, मग व्यापारी फसेल कसा? खरे आहे, मुंबईचा घाऊक व्यापारी फसणारा नव्हता. पण न्यायाधीशांनी त्याच्या पलीकडे पाहिले. सूत शेवटी ज्याच्या हाती जाते, त्याला इंग्रजी अक्षरे काय सांगणार? तो दोन हत्तीच पाहणार. निकाल ऑर-युइंगच्या बाजूने लागला.

आपल्याकडे व्यापारी चिन्हांची नोंदणी १९४० च्या कायद्याने आली. नंतर १९५८ चा आणि १९९९ चा असे कायदे झाले. पण कसोटी तीच राहिली, लोकांची फसगत किंवा गोंधळ होईल का? १९७२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या पार्ले कंपनीचे बिस्किटांचे वेष्टन आले. त्यावर गाई-कोंबड्यांत उभी, हाती बादली घेतलेली मुलगी होती. म्हैसूरच्या एका कंपनीच्या वेष्टनावरही गाई-कोंबड्या आणि मुलगी. फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा. खालच्या न्यायालयांनी फरक मोजले आणि दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो मान्य केला. दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक काढीत बसू नका, एकंदर ठसा पाहा. साधे गिऱ्हाईक म्हणजे काही शेरलॉक होम्स नव्हे, असे त्याचे म्हणणे.

याचा अर्थ हत्तीवर किंवा गाईवर कुणाची कायमची मालकी, असा मात्र नाही बरं का! एकाच मालाच्या दोन छापांत घोटाळा होतो की नाही, एवढाच प्रश्न.

आता हे आपल्या घराशी लावून बघा. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथला लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती गेला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घरोघर लागला. असा माल लोक खुणेच्या भरवशावर घेत. नकली नांगराचा फाळ ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला, तर कारखानदाराचे एक गिऱ्हाईक जाते; शेतकऱ्याचा हंगाम जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते तर एका कारखान्याचे नव्हे, साऱ्या मुलखाच्या मेहनतीचे नाव आहे.

तेव्हा नवी छाप निवडताना शेजाऱ्याच्या चित्राला थोडे वळण देऊन भागवू नका. अगदी वेगळे चित्र निवडा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही आपला माल नेमका उचलता आला पाहिजे.