अलीच्या विहिरी, आंग्र्यांचं गाव

माझं माहेर धरमतर खाडीकडच्या खारेपाटातलं, सासर अलिबागेत. तालुका एकच, पण पाण्याची जात वेगळी. माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एकच काम, भरती बांधाबाहेर ठेवायची. पावसाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीत सोडायचं आणि खाडीचं आत येऊ द्यायचं नाही. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली की हातातलं काम टाकून गाव धावायचा. खारं पाणी शेतात शिरलं तर पुढचे दोन-तीन पावसाळे भात धड होत नसे. पिण्याच्या पाण्याचे हाल तर विचारूच नका. त्यामुळे लग्नानंतर समुद्राच्या हाकेवर भरलेली विहीर पाहिली, तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "हे पाणी पितात?" त्या म्हणाल्या, "अगं, याच पाण्यावर गाव उभं राहिलंय."

त्यांचं खरं होतं. अलिबाग सखल असलं तरी किनाऱ्यालगत वाळूचा पट्टा आहे. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्याच्या वर तरंगत राहतं. फार खोल खणावं लागत नाही. रहाटाने बेताबेताने उपसलं, तर नारळी-पोफळी वर्षभर भिजतात. हाव केली की मात्र खालून खारं वर चढतं.

ही युक्ती ज्याला साधली त्याचंच नाव गावाला मिळालं. 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरप्रमाणे अली हा धनिक मुसलमान. त्याने इथे विहिरी खणल्या, बागा लावल्या. आमच्या इस्राएल आळीतले जुने लोक म्हणत, अली आमचा, बेने इस्राएल. या कोकणी ज्यूंचे पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा; शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ते 'शनिवार तेली'. अली कोणाचा यावर अजून हिरिरीने वाद होतो. मला त्यात रस नाही. विहिरीच्या पाण्याला कोणीच धर्म विचारला नव्हता.

गंमत पुढेच आहे. गाव नावारूपाला आणलं सरखेल कान्होजी आंग्र्यांनी. समोर खडकावर शिवकाळातला कुलाबा किल्ला होताच. 1720 साली त्यांनी गावात हिराकोट बांधला. 1729 साली ते गेले, त्यांची समाधी इथेच आहे. ज्यांच्या आरमाराने इंग्रज-पोर्तुगिजांना जेरीस आणलं, त्यांनी गावाला स्वतःचं नाव दिलं नाही. उलट आंग्र्यांच्या चांदीच्या नाण्यालाच 'अलिबागी रुपया' म्हणू लागले!

1840 मध्ये आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं. पुढे जिल्हा झाला तो किल्ल्याच्या नावाने, कुलाबा. मुंबईतही कुलाबा, तिथेही समुद्र. टपालाचा घोळ न झाला तरच नवल. त्यात आणखी भर पडली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून 1904 साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागेत आणली. तिच्या मोजणीच्या इमारतीत लोखंड चालत नाही. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात आली, आणि 1981 साली जिल्ह्याचंच नाव रायगड झालं. इथला कुलाबा आता ओहोटीला चालत जाता येणाऱ्या किल्ल्यापुरता उरला.

अलिबाग मात्र टिकलं, टिंगलीसकट. "अलिबागहून आलास काय?" या वाक्प्रचारावर बंदी घाला, अशी याचिका 2019 साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने ती फेटाळली, बरंच केलं. चेष्टेने गावाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वाड्या तोडून बंगले उठतात आणि रहाटाच्या जागी दिवसभर पंप चालतो तेव्हा. तुम्ही अलिबागेत जागा घेणार असाल, तर जरूर घ्या. फक्त तिथली जुनी विहीर बुजवू नका.