सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांची जुळणी

घरगुती स्टिरिओ संचातील डाव्या-उजव्या स्पीकरांना सबवूफरची जोड देताना दोहोंचा आवाज कंप्रता, वेळ आणि पातळी या तिन्ही अंगांनी एकजीव करण्याची प्रक्रिया. माणसाचा कान खाली सुमारे २० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकतो. पाच-सहा इंची वूफरचा लहान स्पीकर मात्र साधारण ५०-६० हर्ट्‌झच्या खाली दमतो. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्‌झचा, डबल बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झची. हिंदुस्थानी संगीत सहसा इतके खाली उतरत नाही. काळी एकमध्ये लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास असते. केवळ ख्याल ऐकणाऱ्याने म्हणूनच सबवूफरवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा. त्यातून गंमत अशी, की ही तार नेमकी दोन यंत्रांच्या सांध्यावर येते आणि जुळणी फसली तर तानपुरा कधी फुगतो, कधी पोकळ वाटतो.

हा सांधा म्हणजे क्रॉसओव्हर. चित्रपटध्वनीच्या टीएचएक्स मानकाने तो ८० हर्ट्‌झवर ठेवला, कारण त्याखालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला फारसे कळत नाही. हाच आकडा घरांतही रूढ झाला. सांध्याचे गणित ह्यूलेट-पॅकार्डमधील अभियंते सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावे ओळखले जाते. लिंकविट्झ यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रचनेत सांध्याच्या कंप्रतेवर दोन्ही बाजू ६ डेसिबलने उतरलेल्या असतात आणि एकाच फेजमध्ये मिळाल्या की बेरीज सपाट येते. बंद पेटीचा स्पीकर स्वभावतःच सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, छिद्राची पेटी २४ ने. ८० हर्ट्‌झला उतरू लागणाऱ्या बंद पेटीला तेथेच १२ डेसिबलचा फिल्टर लावला, की सबवूफरच्या २४ डेसिबलच्या उताराशी तिचे जमते.

बहुतेक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरांत मात्र असा फिल्टर नसतो. मग मुख्य स्पीकर पूर्ण पल्ल्याने वाजू द्यायचे आणि ते जिथे उतरतात तिथून सबवूफरने काम उचलायचे. जोडणी प्री-आउटमधून करता येते किंवा थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर-टर्मिनलांवरून. दुसऱ्या प्रकारात सबवूफर जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरवर भार पडत नाही. स्पीकरांना फिल्टर लावण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी : लहान वूफरची खर्जातली धडपड थांबते आणि मधले स्वर मोकळे होतात. एलएफई (चित्रपटांतील खर्जाची वेगळी वाहिनी) असे लिहिलेल्या प्रवेशात वायर घातली तर सबवूफरवरचे क्रॉसओव्हरचे बटण बहुधा निकामी होते. बटण फिरवूनही फरक पडत नाही अशा तक्रारींचे मूळ अनेकदा इथेच सापडते.

८० हर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर आहे. श्रोत्यापासून सबवूफर आणि स्पीकर यांच्या अंतरात सात फुटांचा फरक पडला, की अर्धा तरंग भरतो आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, आणि डिजिटल प्रक्रिया करणारे सबवूफर स्वतःच काही मिलिसेकंद मागे पडतात. टेपने मोजलेले अंतर म्हणून पुरत नाही. खात्रीचा मार्ग असा : सांध्याच्या कंप्रतेचा एकच स्वर वाजवावा, सबवूफरचा फेज उलटा करून बैठकीच्या जागी आवाज कमीत कमी होईपर्यंत विलंब किंवा फेजचे बटण फिरवावे, मग फेज पुन्हा सुलटा करावा. जास्तीत जास्त आवाजाची जागा कान चटकन पकडत नाही, खड्डा मात्र लगेच पकडतो.

यंत्रांइतकाच वाटा खोलीचा असतो, बहुधा जास्तच. बारा बाय दहा फुटांच्या खोलीत लांबीमुळे ४७ आणि रुंदीमुळे ५६ हर्ट्‌झला अनुस्पंदन होते. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ चा फुगवटा दुणावतो. लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकलेल्या भिंती थोडा खर्ज गिळतात. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळजवळ सगळा परत फेकतात. सबवूफरची जागा ठरवण्याची जुनी युक्ती हास्यास्पद दिसते, पण चालते : सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचे गाणे लावायचे आणि भिंतीकडेने रांगत जाऊन जिथे प्रत्येक स्वर सारखा ऐकू येतो ती जागा निवडायची. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो. लोक त्यालाच चांगला समजतात. हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ च्या सुमारास दाखवले, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर निरनिराळ्या आसनांवरचा फरक बराच कमी करतात. इक्वलायझरने फुगवटे कापता येतात. खड्डे भरण्याच्या फंदात पडू नये, कारण ६ डेसिबल वाढवायला चौपट शक्ती लागते आणि खड्डा बहुधा तसाच राहतो.

पातळी शेवटी लावावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलेल्या वक्रांनुसार खर्जात थोडी पातळी वाढली तरी कानाला ती बरीच वाढल्यासारखी वाटते. दणदणीत गाण्यावर लावलेला सबवूफर म्हणूनच वृत्तनिवेदकाचा आवाज घोगरा करतो. पुरुषाचा बोलता आवाज पेटीतून येऊ लागला, तर क्रॉसओव्हर किंवा पातळी वर आहे असे समजावे. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माइक असेल तर हे सगळे आलेखावर दिसते.

आलेखात न दिसणारी अडचण खडखडाटाची. २० ते १२० हर्ट्‌झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावून घरभर हात फिरवावा : शोकेसची काच, खिडकीचे ग्रिल, मांडणीवरची स्टीलची ताटे आपापल्या कंप्रतेला बोलतात आणि लपलेला सबवूफर कुठे आहे ते सांगून टाकतात. रबरी पायांनी जमिनीत थेट उतरणारा कंप कमी होतो. हवेतून भिंतींना आणि स्लॅबला बसणारा धक्का तसाच राहतो, त्यामुळे फ्लॅटमध्ये रात्री पातळी उतरवण्याला पर्याय नाही.