लाड बाजारातला एक नकार

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आमच्या घरात हैदराबादचा विषय निघतो आणि ईद झाली की विरून जातो. यंदा मात्र खरंच गेलो. चार माणसं, तीन रात्री. बायकोला ईदचे कपडे आणि बहिणीच्या लग्नासाठी लाखेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. मुलाला हलीम खायचं होतं. अकरावीतल्या मुलीला तिच्या मामूंनी दिलेला जुना कॅमेरा घेऊन ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ करायची होती. माझ्या वाट्याला काहीच काम नव्हतं, म्हणून मी इतिहास घेतला.

औरंगाबादहून रात्रीची गाडी धरली की सकाळी काचीगुडा. मनमाडवरून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या राज्यातला, 1900 च्या सुमारास सुरू झालेला. आमच्या दादांची पिढी ‘शहराला जाऊन येतो’ म्हणायची तेव्हा ते शहर हैदराबादच असायचं. नोकरी, कोर्ट, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं तिकडे. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हळूहळू आमची तोंडं मुंबई-पुण्याकडे वळली. हैदराबादला आता आम्ही पर्यटक म्हणून जातो. तरी काचीगुड्याला रिक्षावाल्यानं भाडं सांगितलं आणि बायको ‘नक्को’ म्हणाली, तेव्हा त्याला वेगळं काही वाटलं नाही. दखनीतला हा ‘नक्को’ मराठी ‘नको’मधून आलेला. ‘मैंच’, ‘वहींच’ मधला ‘च’ तर थेट आपलाच. शुद्ध उर्दूवाले या दोन्हींना नाकं मुरडतात. मुरडू द्या.

निघताना ऑफिसातल्या एकानं काळजीनं सांगितलं होतं, ‘जुन्या शहरात जरा जपून.’ कशापासून जपायचं ते त्यालाही सांगता आलं नाही. हा प्रसंग पुढे आठवला, म्हणून नोंदवतो.

रमजानात जुनं हैदराबाद दिवसा पेंगतं आणि तरावीहनंतर जागं होतं. पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखाली रात्री अकरा वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. अत्तरं, टोप्या, खजूर, कपड्यांचे तागे, आणि प्रत्येक दुकानाबाहेर स्टुलावर उभा राहून ओरडणारा एक पोरगा. सहेरीपर्यंत हेच चालतं. बायकोनं एका दुकानात चाळीस मिनिटं घासाघीस केली, बाहेर पडली, पंचवीस पावलं चालली आणि दुकानदाराचा माणूस बोलवायला आला. मी त्या वेळात कमानी बघत होतो. इतकी एकसारखी, मोजून मापून बांधलेली बाजारपेठ जुन्या शहरात कशी, असा प्रश्न पडायला हवा. त्याचं उत्तर पुरात आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदी शहरात शिरली. हजारो माणसं गेली, नदीकाठच्या वस्त्या धुऊन निघाल्या. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. त्या दिवशी त्याच्यावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले असं सांगतात. पुराचा बंदोबस्त करण्यासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली. 1912 मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं आणि त्या मंडळानं जे रस्ते नि बाजार नव्यानं घडवले त्यांतला एक हा पत्थरगट्टीचा. ज्याला आपण सहज ‘नवाबी थाट’ म्हणून मोकळे होतो, त्यातलं बरंचसं पूर ओसरल्यावरचं नगर नियोजन आहे.

हलीमचंही असंच. विटांच्या भट्टीवर बसवलेल्या मोठ्या डेगीत गहू, मांस, डाळी आणि तूप तासन्‌तास शिजतात आणि दोन दणकट माणसं लाकडी घोटण्यांनी ते घोटत राहतात. मुलानं पहिल्या रात्री दोन वाट्या संपवल्या आणि ‘हे हैदराबादचंच ना?’ असं विचारलं. 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून कायद्यानं हैदराबादचंच. पण त्याचं मूळ अरबांच्या ‘हरीस’मध्ये आहे. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब होते. त्यांची छावणी जिथे होती ती वस्ती आज बारकस म्हणून ओळखली जाते, ‘बॅरॅक्स’चं बारकस. तिथे अजूनही हरीस मिळतं, कमी मसाल्याचं. याच सैनिकांना चाऊस म्हणत. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडकडच्या वाचकांना हे आडनाव नवं नाही. माझ्या शाळेच्या वर्गात तीन चाऊस होते. तिघंही मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाड बाजार. चारमिनारच्या पश्चिमेला ही गल्ली, दोन्ही बाजूंना बांगड्याच बांगड्या. चारमिनार 1591 चा, कुतुबशाहीतला. हिजरीचं हजारावं वर्ष तेव्हा उजाडलं होतं. बाजार जुना, पण बांगड्या दुकानात तयार होत नाहीत. बायकोला हव्या त्या मापाचा जोड नव्हता, म्हणून दुकानदारानं आम्हाला मागच्या बोळात एका घरी पाठवलं. खालच्या खोलीत कोळशाची शेगडी, तिच्यावर मऊ होणारी लाख. एक साठीच्या खाला लाखेची वळी लांबवून धातूच्या कड्यावर चढवत होत्या. शेजारी त्यांची सून गरम लाखेत एकेक खडा बसवत होती. हात इतके सराईत की नजर बोलणाऱ्याकडे आणि खडा आपल्या जागी.

माझ्या मुलीनं कॅमेरा वर केला. उजेड सुंदर होता, मलाही दिसत होता. शटरचा आवाज झाला आणि खालांनी मान वर न करता सांगितलं, “फोटो नक्को बेटा. निकाला सो मिटा दे.”

मुलीनं तो पुसून टाकला, पण चेहरा उतरला. खालांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी स्वतःहून सांगितलं, की मागच्या वर्षी कुणी असाच फोटो काढून नेला. काही दिवसांनी पुतण्यानं मोबाइलवर दाखवला. खाली काय काय लिहिलं होतं: जुन्या शहराचा अंधार, बुरख्यातली गरिबी, पिंजरा. “हमारा घर है, पिंजरा कैसा?” एवढंच म्हणून त्या पुन्हा लाखेकडे वळल्या. बांगड्या दुसऱ्या दिवशी मिळतील असं ठरलं.

परतताना मुलगी म्हणाली, “अब्बा, रस्त्यावरच्या फोटोला परवानगी लागत नाही. मोठमोठे फोटोग्राफर विचारत नाहीत.” मी म्हणालो, “तो रस्ता नव्हता, त्यांची खोली होती.” हे उत्तर बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं. ऑफिसातला तो ‘जपून’ मला इथे आठवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, रोज्यात करण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून, चौमहल्ला पॅलेसमध्ये गेलो. आसफजाही दरबाराचा हा महाल लाड बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जुने फोटो बघता बघता मी मुलीला राजा दीनदयाळांची गोष्ट सांगितली.

दीनदयाळ 1844 मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात एका जैन घरात जन्मले. रुडकीच्या कॉलेजात शिकून इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले. फोटोग्राफी आधी हौस होती. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारात ते फोटोग्राफर झाले आणि निजामानं त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. एका मुस्लिम बादशहानं एका जैन माणसाला ‘चित्रकारांचा योद्धा’ म्हणावं, यात तेव्हा कुणाला बातमी दिसली नाही. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबईत त्यांचे स्टुडिओ होते. 1905 मध्ये ते वारले. त्यांच्या काचेच्या 2,857 निगेटिव्ह 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या, म्हणून हे सगळं आज बघता येतं.

मला सांगायची होती ती गोष्ट 1892 ची. त्या वर्षी दीनदयाळांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बेगमांचे फोटो काढायचे तर पुरुष फोटोग्राफर चालणार नाही. म्हणून त्यांनी केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती हा स्टुडिओ सोपवला. भोवती उंच भिंती, आत काम करणाऱ्या सगळ्या बायकाच. फोटो काढून घेणाऱ्या बाईला माहीत होतं की कॅमेऱ्यामागे कोण आहे. पडदा न मोडता फोटो निघत होता, कारण त्यासाठी कुणीतरी भिंत बांधायचा खर्च केला होता.

पण याच दीनदयाळांच्या नावावर दुसरेही फोटो आहेत, आणि ते आमच्या गावाकडचे आहेत. 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळाच्या काळातले, औरंगाबाद भागातले. निजाम सरकारच्या मदतकार्याची नोंद म्हणून काढलेले, ‘गुड वर्क्स प्रोजेक्ट’ अशा शीर्षकाखालचे. मदतीसाठी आलेली भुकेली माणसं कॅमेऱ्यासमोर उभी केलेली. मदत खरी असेल, आणि नोंद ठेवली गेली नसती तर ती माणसं आपल्याला दिसलीही नसती, हेही खरं. पण त्यांच्यासाठी भिंत कुणी बांधली नाही. त्यांना विचारलंही नसणार. शीर्षकात सरकारचं सत्कार्य आहे, त्या माणसांपैकी एकाचंही नाव नाही. फोटोग्राफर तोच, राज्य तेच. बेगमेला भिंत मिळाली, भुकेल्याला शीर्षक.

मुलीनं विचारलं, “आपल्यापैकी कुणी होतं का त्या फोटोंत?” असेलही. नाव नसल्यावर कसं कळणार?

आमच्या घरात दादांचा एकच तरुणपणचा फोटो आहे. शेरवानी, रूमी टोपी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. महसूल खात्यात अहलकार म्हणून लागले तेव्हा हैदराबादेत काढलेला. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली आणि टोपी ट्रंकेत गेली. फोटो मात्र भिंतीवर राहिला. दादीचा त्या काळातला एकही फोटो नाही. तिचा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो निवडणूक आयोगानं काढला. 1993 पासून मतदार ओळखपत्रं निघू लागली, गावात शाळेच्या खोलीत पथक आलं, दादी पदर पुढे ओढून दोन मिनिटं बसली. ती गेल्यावर आम्ही तोच मोठा करून घेतला. नाक कुठे संपतं नि सावली कुठे सुरू होते ते त्यात कळत नाही.

लहानपणापासून ऐकत आलो, ‘दादीला फोटो पसंत नव्हते.’ कारण म्हणून दीन सांगितला जायचा. तसवीर जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे खरोखर झाला आणि मोठ्या आलिमांमध्ये झाला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी तर स्वतंत्र पुस्तिका लिहून मांडलं, की कॅमेरा काही घडवत नाही, पडलेली सावली धरून ठेवतो. उलट मत देणारेही कमी नव्हते. पुढे हजसाठी पासपोर्ट आणि पासपोर्टसाठी फोटो लागू लागला तशी निकडीची सवलत आली. पण हा वाद दादांच्या वेळी घरात कुणाला आठवला नाही. ते स्टुडिओत गेले, पैसे भरले, उभे राहिले. दादीच्या वेळीच तो आठवला. तिनं नकार दिला होता की तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे सांगू शकणारं आता कुणी उरलेलं नाही. चौमहल्ल्याच्या आवारात बसून मी हे मुलीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “खालांना निदान विचारायला हवं होतं, आधी.”

संध्याकाळी इफ्तारनंतर बांगड्या आणायला गेलो. मुलीनं कॅमेरा पिशवीत ठेवला होता. बायकोनं जोड घालून बघितला, माप बसलं, पैसे दिले. निघताना खालांनीच हाक मारली, “कल के जैसा मुँह नक्को बना. कॅमेरा लाई?”

मुलीनं आधी सांगितलं की फोटो कुठेही टाकणार नाही, घरीच ठेवेन. खाला हसल्या. कुठे टाकायचा ते टाक म्हणाल्या, पण थांब. त्यांनी शेगडीजवळची राख पुसून घेतली, ओढणी नीट केली, सुनेला बोलावलं. ती आली नाही, तिला नको होतं, तिच्यावर कुणी जोर केला नाही. खालांनी तयार बांगड्यांचा डबा उघडून गुडघ्यासमोर ठेवला, त्यातली एक हातात घेतली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. मुलीला हातावरचा कालचा उजेड हवा होता. तो आता नव्हता, वर पिवळा बल्ब होता. तिनं तसाच काढला. मग खालांनी फोटो बघायला मागितला, नापसंत केला, दुसरा काढायला लावला.

तो पसंत पडल्यावर त्यांनी मुलाचा व्हॉट्सॲप नंबर दिला आणि फोटोखाली काय लिहायचं तेही सांगितलं. त्यांचं पूर्ण नाव, आणि त्याच्याखाली, “तीस साल से लाख का काम.” मुलीनं लिहून घेतलं. दारापर्यंत आलो तर मागून आवाज आला, गल्लीचा पत्ताही टाक, ऑर्डर आली तर बरंच आहे.